परतवाडा: पायथ्याचं गाव, त्याचा इतिहास आणि तिथली माणसं

सापनकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१५

गेल्या महिन्यात परतवाड्याला लागून असलेल्या कांडलीतलं आमचं जुनं घर पाडलं. धाकटा भाऊ त्या जागी स्लॅबचं बांधतो आहे. मातीच्या भिंती दोन दिवसांत आडव्या झाल्या, पण मधला मयाल, म्हणजे छताची मुख्य तुळई, खाली घ्यायला सहा माणसं लागली. अख्खा सागाचा. आजोबांनी १९५२ साली घर बांधलं तेव्हाचा, आणि अजून ठोकला तर घंटेसारखा वाजतो. भिंतीत गेलेलं त्याचं टोक सुताराने तासलेलंच नव्हतं. माती झटकली तर त्या टोकावर ठोकून उठवलेली एक खूण दिसली. गोलात दोन अक्षरं, खाली आकडे. चुना आणि धूर बसून बसून ती बुजली आहे.

शेजारची म्हातारी ते बघत उभी होती. म्हणाली, "कापू नोको रे बापा. तुह्या बापाच्याही आंगोदरचा हाये तो."

भावाला त्याच्या चौकटी काढायच्या आहेत. मी त्याला थोडे दिवस थांबायला सांगितलंय आणि हा धागा काढतोय.

आमच्या गावाचा इतिहास कुणी सलग सांगत नाही, याची मला खरंच खंत आहे. पुस्तकं अचलपूरबद्दल बोलतात. फिरायला येणारे चिखलदऱ्याबद्दल बोलतात. परतवाडा म्हणजे घाट चढण्याआधी चहासाठी गाडी थांबते ती जागा. पण इथे माणसं जन्मली, राबली आणि मेली. मला ठाऊक आहे तेवढं आधी लिहितो.

मूळ शहर एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. तिथून दोन मैलांवर, डोंगराच्या बाजूला, हैदराबाद कंटिंजंटची छावणी पडली. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. छावणी आली की मागोमाग बाजार येतो, आणि सदर बाजार तसाच आला. पेन्शनपुरा या मोहल्ल्याच्या नावात तो काळ अजून ऐकू येतो. पुढे १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून सैन्यात मिसळून टाकली. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन झाला. दोन वर्षांत पलटणही गेली आणि जिल्ह्याचं ठाणंही गेलं. अशा जागा ओस पडतात. परतवाडा पडलं नाही, कारण मेळघाटचं लाकूड इथेच उतरत होतं आणि डोंगरावर जाणारं मीठ, तेल, कापड इथूनच चढत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे गाव ना पलटणीने टिकवलं ना कचेऱ्यांनी. वरून खाली येणाऱ्यांनी आणि खालून वर जाणाऱ्यांनी ते टिकवलं. आठवणी असतील त्या इथे लिहा. आणि त्या खुणेबद्दल कुणाला कळत असेल तर तेही सांगा.

बिलनपुऱ्यातला | ११ जानेवारी, रात्री १०:०२

चांगला धागा. पण अचलपूरचं एका वाक्यात आटोपलंत, ते मला खटकलं.

छावणी पडली तेव्हा आमचं शहर किमान साडेपाचशे वर्षांचं होतं. तेराव्या शतकात दख्खनच्या नामांकित शहरांत त्याची गणती होत होती. १४९० मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्क बहमनींपासून वेगळा झाला आणि वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली, तिची राजधानी एलिचपूर. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. हौज कटोरा अजून उभा आहे. तळ्याच्या मधोमध बांधलेली ती अष्टकोनी इमारत पाहिली की इथे कोणत्या तोलामोलाचे लोक राहत होते ते कळतं. दुल्हा रहमान शाह यांच्या दर्ग्यावर आजही सगळ्या जातीधर्माचे लोक नवस फेडायला येतात. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती २६,०८२ होती.

तेव्हा परतवाडा हे अचलपूरचंच उपनगर. नगरपालिका एक, तालुका एक.

सापनकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:२०

मान्य. अचलपूरचं मोठेपण कमी करायचा हेतू नव्हता. पण आमची आजी "शहरात जाऊन येते" म्हणायची तेव्हा ती अचलपूरला निघालेली असायची, आणि तुमच्याकडचे लोक आमच्याकडे येताना "कॅम्पात चाललो" म्हणायचे. अचलपूर सिटी आणि अचलपूर कॅम्प. दोन मैलांच्या अंतरात बोलीसुद्धा बदलते. तुमच्याकडे उर्दूचा लहेजा, आमच्याकडे वऱ्हाडीत हिंदी मिसळलेली, आणि बाजाराच्या दिवशी त्यावर मेळघाटातल्या आदिवासींची कोरकू. कांडली आणि देवमाळी तर पालिकेतही नाहीत, त्यांच्या ग्रामपंचायती वेगळ्या. घरं मात्र परतवाड्याला अशी चिकटलेली की हद्द कुठे संपते हे पोस्टमनलाच ठाऊक.

जुनी_शाळा | १२ जानेवारी, सकाळी ७:४०

नावाबद्दल. आमचे मास्तर सांगायचे की पलटणीची परेड इथे व्हायची म्हणून परेडवाडा, त्याचं लोकांच्या तोंडी परतवाडा झालं. ही ऐकीव गोष्ट आहे, तशीच घ्यावी.

दुसरं असं की पलटणीच्याही आधी लढाई आली, ती सोडू नका. डिसेंबर १८०३. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचं निशाण होतं, किल्लेदार बेनीसिंग. आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, तो दक्षिणेला देवगावापाशी तळ देऊन बसला. खरा मारा उत्तरेकडून करायचा होता, कारण तिकडेच पठार किल्ल्याला जोडलेलं आहे. म्हणून स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगर ओलांडून पलीकडे नेल्या. तिथे रस्ता नव्हता. झाडी तोडत, दरडी फोडत, हातांनी ओढत चार-पाच दिवस ते चाललं होतं. १५ डिसेंबरला किल्ला पडला, बेनीसिंग लढता लढता मेला. १७ तारखेला देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आणि ३० डिसेंबरला इथून जवळच्याच सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह झाला. तेरा दिवसांत मराठ्यांच्या दोन मोठ्या सरदारांनी आमच्या पायथ्याच्या गावांत सह्या केल्या. अंजनगावच्या पोरांनाही हे सांगावं लागतं.

कधी कधी मला वाटतं, त्या तोफा ओढणारे हात कुणाचे होते तेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

निवृत्त_वनपाल | १२ जानेवारी, दुपारी २:३०

सापनकाठ, ती खूण हातोड्याची आहे. आमच्या खात्यात शिक्का-हातोडा असतो. लोखंडी, एका तोंडाला उलटी अक्षरं कोरलेली. एक घाव मारला की लाकडात अक्षरं उठतात. मी अठ्ठावीस वर्षं तो कमरेला बाळगला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायला घेण्याआधी झाडं निवडतात. प्रत्येक झाडावर दोन ठिकाणी साल तासून खूण ठोकतात. एक छातीच्या उंचीवर, दुसरी अगदी बुडाशी. झाड पडलं तरी बुडाची खूण खुंटावर राहते. पुढे कुणी विचारलं की हे झाड परवानगीने गेलं का चोरीने, तर खुंट साक्ष देतो. लाकडाचे नग पाडले की प्रत्येक नगाच्या टोकावर पुन्हा हातोडा आणि क्रमांक. तोच क्रमांक वहीत आणि वाहतूक परवान्यावर. वाटेत नाक्यावर परवाना आणि लाकूड ताडून बघायचं. परतवाड्याच्या आगारात माल उतरला की लांबी आणि घेर मापून लाटा लावायच्या, म्हणजे सारख्या मापाचे नग एका ढिगात. मग लिलाव.

लिलावाच्या दिवशी टिंबर डेपोच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. लांबलांबचे व्यापारी आदल्या रात्रीच येऊन लाटा बघून ठेवत. जुने व्यापारी लाकडाच्या टोकाला पाणी मारून बघत. ओलं झालं की वर्षांची वलयं उघडी पडतात. वलयं दाट असली तर झाड सावकाश वाढलेलं, खडकाळ उतारावरचं. तो माल महाग. मेळघाटच्या सागाला भाव मिळायचा तो त्यामुळेच.

हातोडा हरवणं म्हणजे नोकरीवर बेतणं. रात्री झोपतानाही तो उशाशी असायचा. हरवलेल्या हातोड्याने कुणीही चोरीचं लाकूड कायदेशीर करून टाकील.

तुमच्या मयालावरची दोन अक्षरं बहुधा वनपरिक्षेत्राची किंवा आगाराची असावीत. ओल्या फडक्याने हळूच पुसा, ब्रश नको. तिरप्या उजेडात फोटो काढून टाका.

दर्यापूरची_लेक | १२ जानेवारी, रात्री ८:५५

मी तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन परतवाड्यात आले. माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पावसाचं पाणी साठवून किंवा लांबून आणून प्यायचं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही जाळ घाला.

म्हणून आमच्याकडे पोरीला पायथ्याचं स्थळ आलं की बायका आधी पाण्याचं विचारायच्या, मग नवऱ्याचं. माझ्या आईने मला बघायला आलेल्यांना वावर किती हे विचारलंच नाही. "पानी गोड हाये न?" एवढंच विचारलं.

सासरी पहिल्या दिवशी डाळ टाकली आणि माहेरच्या अंदाजाने जाळ ठेवला. अर्ध्या वेळात डाळीचा गोळा झाला. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिकडची पोरगी हाय, तिले अंदाज येईन." त्यांनी स्वतः माझ्या शेजारी बसून दुसरी डाळ टाकली. ती माऊली आता नाही. डाळ शिजत लावली की अजून त्यांची आठवण येते.

माहेरी जायची ती छोट्या गाडीनेच. अचलपूरला बसायचं, पथ्रोट, अंजनगाव करत बनोशाला, म्हणजे दर्यापूरच्या स्टेशनावर, उतरायचं. पथ्रोट-अंजनगावकडे पानमळे आणि पानपिंपरीचे मांडव लागत. डब्यात विड्याच्या पानांचे करंडे चढले की सगळा डबा त्या वासाने भरायचा.

छोटी_लाईन | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

ताई, शकुंतलेची, म्हणजे आपल्या छोट्या गाडीची आठवण काढलीत म्हणून थोडं लिहितो.

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची शाखा १९०३ मध्ये सुरू झाली. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची शाखा १९१३ मध्ये. अडीच फुटी रूळ. ही लाईन सरकारची नव्हतीच. ब्रिटिश खासगी कंपनीने ती कापसासाठी टाकली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या लाईनने मुंबईला, तिथून जहाजाने मँचेस्टरला. या लाईनवरचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलं. १९२३ पासून ते इथे धावलं ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल आलं. कापूस ज्या गावी जायचा त्याच गावचं इंजिन तो ओढत होतं, हे मला लहानपणी कळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

शेवटच्या काळात माणसं इतकी कमी होती की गाडीवरचेच कर्मचारी फाटकापाशी उतरत, फाटक लावत, गाडी पुढे गेली की उघडत आणि पुन्हा चढत. तिकीटही तेच देत. शेतमजूर, भाजीवाल्या, शाळेची पोरं, सगळ्यांना परवडणारी तीच होती. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढलंय. सुरू करा म्हणून मागणी चालूच आहे आणि ती मी मरेपर्यंत करत राहणार.

गुजरीबाजार | १३ जानेवारी, सकाळी ९:१०

गाडी गेली, कापडगिरणीचाही भोंगा बंद झाला. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आई भोंग्यावर स्वयंपाक करायची. बाकी काय लिहू.

वाहक_धारणी_फेरी | १३ जानेवारी, रात्री ११:२०

मी एसटीत वाहक होतो, आता घरी आहे. परतवाडा ते धारणी, घटांग-सेमाडोह-हरिसाल मार्गे, किती फेऱ्या केल्या त्याचा हिशेब नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, होळीच्या आधीचे आठ दिवस.

दिवाळी झाली की वरची माणसं खाली उतरतात. संत्र्याचे बगीचे, हरभऱ्याची सोंगणी, वीटभट्ट्या, जिथे काम मिळेल तिथे. घरंच्या घरं येतात, म्हातारी माणसं तेवढी वर राहतात. पण होळीला कोरकू माणूस कुठेही असला तरी गावाकडे परततो म्हणजे परततोच. मेळघाटात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण, पाच-पाच दिवसांचा. त्या आठवड्यात परतवाड्याच्या स्टँडवर जमीन दिसत नाही. पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, नवी छत्री, नवी लुगडी, पोरांना घेतलेले लाल गॉगल. मजुरीचे पैसे कमरेला बांधलेले. सदर बाजारातली दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असत.

एका वर्षी शेवटच्या गाडीला इतके लोक होते की निम्मे खालीच राहणार होते. चालकदादा मला म्हणाले, "आपून दोन फेऱ्या करू. घरी उद्या जाऊ." डेपोत विचारलं, परवानगी मिळाली. दुसरी फेरी घेऊन सेमाडोहच्या पुढे गेलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पुढच्या एका गावाबाहेर रस्त्यात आडवं लाकूड टाकून पोरंपोरी उभी. फगवा मागायला. ढोल वाजत होता. मी खिशातले पैसे काढले तर गाडीतला एक म्हातारा उठून उभा राहिला, म्हणाला, "यांच्याकडून घ्यायचं नाही, यांनीच आणलं आम्हाला." उलट त्या पोरांनी आम्हा दोघांच्या कपाळाला गुलाल लावला. त्या रात्रीची डबल ड्यूटी मी कधी कागदावर दाखवली नाही.

माखल्याचा | १४ जानेवारी, दुपारी १:०५

वाहककाकांनी लिहिलं ते खरं आहे आणि प्रेमाने लिहिलंय. मी त्या स्टँडवरच्या गर्दीतलाच एक. पण या धाग्यात आत्तापर्यंत आम्ही एक तर स्टँडवर दिसतो, नाही तर मजुरीवर. म्हणून थोडं लिहितो.

मी परतवाड्याला वसतिगृहात राहून शिकलो. पहिलं वर्ष मी वर्गात बोललोच नाही. आमची कोरकू भाषा मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही. ती मुंडा कुळातली, तिची नाती पार झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी. मला 'पाणी' हा शब्दसुद्धा नवीन होता. पण गुजरीतले एक दुकानदार माझ्याशी मोडकी कोरकू बोलायचे. त्यांच्या वडिलांपासून वरच्या लोकांशी देवघेव होती. त्या दुकानाच्या पायरीवर बसून मी मराठी शिकलो. हे मी विसरणार नाही.

माझी आजी मात्र त्याच बाजाराचं दुसरं काही सांगायची. पायलीभर चारोळी दिली की पायलीभर मीठ मिळायचं. चारोळी वेचायला, फोडायला किती दिवस जातात ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मीठ वर मिळत नाही, म्हणून द्यावं लागायचं. मोह, डिंक, मध, सगळ्याचं तसंच. परतवाडा वरून येणाऱ्यांनी टिकवलं असं तुम्ही लिहिलंत, सापनकाठदादा. ते वर असताना काय देऊन गेले, तेही त्यात यावं.

आणि हातोडा ज्यांनी ठोकला त्यांच्या वह्या आहेत. झाड ज्यांनी तोडलं त्यांची नावं कोणत्या वहीत आहेत? माझे आजोबा अजून आहेत. तरुणपणी कुपात कुऱ्हाड चालवायचे. ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

सापनकाठ | १४ जानेवारी, रात्री १०:४५

दादा, तुमचं लिहिणं दोन वेळा वाचलं. माझे आजोबा आरागिरणीत कामाला होते. आमच्या घरात लाकडाचं सगळं बोललं जायचं. करवतीचं, भुशाचं, सागाच्या तेलकट वासाचं, कोणत्या दिवशी कुणाचं बोट गेलं त्याचं. पण लाकूड गिरणीत येण्याआधी कुणाच्या हातून गेलं, हा विषय आमच्याकडे एकदाही निघाला नाही. पहिल्या पोस्टमध्ये मी मीठ आणि कापड वर चढत होतं असं लिहिलं, भाव लिहिला नाही. चूक झाली.

निवृत्त_वनपाल | १५ जानेवारी, सकाळी ८:००

माखल्याचे भाऊ बरोबर बोलतात. वहीत नगांची संख्या असायची, मजुरीची रक्कम असायची, टोळीच्या मुकादमाचं नाव असायचं. तोडणाऱ्यांचे अंगठे हजेरीपत्रकावर, आणि ती पत्रकं जुनी झाली की नष्ट होतात. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. त्यानंतर प्रकल्पाच्या भागात तोड थांबत गेली. वाघासाठी ते हवंच होतं, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण कुपावर ज्यांची चूल चालायची त्यांचं पुढे काय, याचं उत्तर म्हणजे वाहककाकांनी सांगितलेली ती स्टँडवरची गर्दी.

संत्रा_बगायतदार | १५ जानेवारी, दुपारी ३:२५

ताईंनी गोड पाण्याचं लिहिलंय त्यात भर. हा बाजाडा पट्टा आहे. सातपुड्याच्या नद्यांनी हजारो वर्षं गोटे, वाळू, माती आणून पायथ्याशी पसरली, त्यातून पाणी झिरपून खोल साठतं. विहीर खणताना डोक्याएवढे गोल गोटे निघतात. सापन, बिच्छन उन्हाळ्यात वरून कोरड्या दिसतात, पाणी खालून चालतं. या पाण्यावरच आमच्या संत्र्याचे आंबिया आणि मृग हे दोन बहर.

पण आता बोअरवर बोअर झाले. माझ्या वडिलांच्या विहिरीला पाणी होतं, मला त्याच वावरात बोअर घ्यावा लागला आणि तोही मार्चनंतर दम टाकतो. वझ्झरला सापनवर धरण झालं त्याने काही गावांना आधार मिळाला. आम्ही सगळेच उपसतो, भरत कुणी नाही. शेतीचा वेगळा धागा काढतो, इथे एवढंच.

दर्यापूरची_लेक | १५ जानेवारी, सायंकाळी ७:१०

वझ्झरचं नाव निघालं म्हणून. तिथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली, मतिमंद, अपंग लेकरं सांभाळली. त्यांच्या कागदपत्रांवर बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. मोठी झालेल्यांची लग्नं लावली. लेकरांनी लावलेल्या झाडांनी ती टेकडी हिरवी झाली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही बायका दरवर्षी तिथे धान्य घेऊन जातो. परतवाड्याचा समाज कसा आहे कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते.

बिलनपुऱ्यातला | १५ जानेवारी, रात्री ९:३०

बहिरम राहिलं की! सध्या यात्रा चालूच आहे. २० डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, बैतूल रस्त्यावर, डोंगराच्या अगदी पायाशी. बहिरमबुवाला लोणी-शेंदूर. खाली तंबू, मातीच्या हंडीत शिजणारं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. शेताची कामं उरकून बैलगाड्या जोडून लोक मुक्कामी जायचे. आमच्या मोहल्ल्यातून दोन-तीन गाड्या निघत, सगळे धर्म एकाच गाडीत. शाकाहारी मंडळी खरपीहून मुक्तागिरीला वळायची, जैनांच्या ५२ मंदिरांना आणि धबधब्याला. संध्याकाळी सगळे पुन्हा एका ठिकाणी.

सापनकाठ, उपनगराचा वाद मी मागे घेतो. यात्रेला जाताना आम्ही आधी तुमच्याच सदर बाजारात हंडी विकत घ्यायचो.

सापनकाठ | १६ जानेवारी, सकाळी ११:५०

काकांनी सांगितलं तसं ओल्या फडक्याने पुसलं. गोलातलं पहिलं अक्षर गेलंय, दुसरं इंग्रजी 'जी' स्पष्ट आहे. खाली ४१७. फोटो टाकतोय. दुसरा फोटो संपूर्ण टोकाचा.

निवृत्त_वनपाल | १६ जानेवारी, दुपारी १२:३०

४१७ हा नगाचा क्रमांक. पहिल्या अक्षराशिवाय परिक्षेत्र सांगता येणार नाही, उगाच अंदाज करणार नाही. खुणेखालची जागा हाताने तासून सपाट केलेली आहे, ती आमच्याच माणसाने. काम नीट झालंय.

माखल्याचा | १७ जानेवारी, सायंकाळी ६:४०

दोन्ही फोटो आजोबांना दाखवले. त्यांना कमी दिसतं, म्हणून मोबाईल अगदी डोळ्यांजवळ धरला. शिक्क्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. टोकाच्या फोटोवर बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, हे करवतीने नाही, कुऱ्हाडीने तोडलंय. दोघे जण होते, समोरासमोर. एक डावखुरा. बघ, या बाजूचे घाव उलटे तिरके उतरलेत. आणि कुऱ्हाडीला धार चांगली होती, कुठेही लाकूड चिंबलेलं नाही.

मग ते अर्धा तास बोलत होते. त्यांच्या टोळीतला डावखुरा कोण होता, तो कुठल्या गावचा, त्याची कुऱ्हाड कुणी बनवली, झाड पडायच्या आधी ते काय म्हणायचे. मी जन्मात एवढं ऐकलं नव्हतं. सगळं रेकॉर्ड केलंय. कोरकूतच आहे, मराठी करून इथे टाकतो, वेळ लागेल.

त्यांना तो मयाल हात लावून बघायचा आहे.

सापनकाठ | १७ जानेवारी, सायंकाळी ६:५८

भावाशी बोललो. मयाल कापत नाही, नव्या घराच्या ओसरीत आहे तसा घेतोय. रविवारी आजोबांना घेऊन या. पहिल्या गाडीने निघालात तर सकाळीच पोचाल. मी स्टँडवर उभा असतो. घरी जेवायलाच थांबायचं, आई रोडगे करणार आहे.